न रडणारी रोशनी

एटापल्लीच्या पलीकडे सडक संपते तिथं आमचं गाव. गावात दोन महिन्यांची रोशनी सगळ्यांची लाडकी होती, कारण ती रडतच नसे. तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांच्या तोडणीचे दिवस होते. तिची आई रंजीता पहाटे पानं तोडायला जाई, ती ऊन डोक्यावर आल्यावर परते. तोवर रोशनी झोळीत पडून असायची. आजी नीलाबाई, रंजीताची सासू, तिला बोटानं पेजेचं पाणी चाटवायची आणि शेजारणींना सांगायची, "मोठं गुणी लेकरू आहे."

अंगणवाडीच्या भागीरथाबाईंनी तिला काट्याला लावलं. तीन आठवड्यांत वजन छटाकभरही वाढलं नव्हतं.

"रडत नाई, हा गुण नोहे," बाई रंजीताला म्हणाल्या. "थकलं आहे लेकरू. रडून कोणी येत नाई, म्हणून रडणं सोडलं तिनं. पेज बंद कर. अंगावरच पाज. आन् तिच्यासंग बोल, ती काय म्हणते ते बी आयक."

दुसऱ्या दिवशी रंजीतानं रोशनीला छातीशी बांधलं. नीलाबाई दारात आडवी आली.

"जंगलात नेतं लेकराले? ऊन हाय, अस्वल हाय. मी मेली काय घरी?"

"तुमी हाव आत्या. पण दूध माह्यापाशी हाय."

थोडी पानं तोडून झाली की रंजीता मोहाच्या झाडाखाली बसे. लेकीच्या तोंडासमोर तोंड आणून बोले, मग गप्प राही, उत्तराची वाट पाही. चार दिवस रोशनी नुसती फांद्यांकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं, ओठ हलवले, हुंकार दिला. मग अशी प्याली की रंजीताला कळ आली आणि हसूही आलं.

पानं मोजून घेतात तिथं शेजारच्या सुकलूनं तिचे थोडेसे पुडे पाहिले.

"काऊन वहिनी, पानं तोडाले जाता का गप्पा माराले?"

लोक हसले.

"गप्पा माराले. पानं पुढच्या साली बी येतीन भाऊ. हे लेकरू पुन्हा दोन महिन्याचं होणार नाई."

पंधरा दिवसांनी काटा हलला. पाव किलोहून थोडं जास्त. तरी वजनाच्या तक्त्यावर रोशनी अजून खालच्याच रेघेत होती.

"एवढं उन्हात फिरवून एवढंच?" नीलाबाई म्हणाली.

"एवढं तरी. उद्या बी नेईन."

नीलाबाईनं नातीच्या गालावर बोट टेकवलं. सकाळी रंजीता लेकीला बांधत होती, तेव्हा म्हातारीनं खुंटीवरचं फडकं काढून डोक्याला गुंडाळलं.

"चाल. तू बस तिच्यापाशी. पानं मी तोडीन. अन् तो सुकलू हसला, त मले सांग."