रुमालाखालचा भाव

सातारच्या कचेरीतून माझी सांगलीच्या हळद बाजारात कारकून म्हणून बदली झाली, तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि बाजाराला सरकारी नियम लागणार होते. मला मनापासून बरं वाटलं. तिथं खरेदीदार आणि अडत्या हातांवर रुमाल टाकून एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरवत. ज्याची हळद त्याला काही कळायचं नाही. कृष्णाकाठची एक विधवा बाई तर अडत्या सांगेल तो भाव निमूट घेऊन जायची. एकदा मला म्हणाली, "आवं सायेब, माजी हळद कितीला गेली ह्ये मला माज्या कानानं कवा ऐकाया मिळंल?"

नियम आला: रुमाल बंद, बोली तोंडानं. फळ्यावर तो मीच लिहिला, तोही मोठ्या तोऱ्यात. मागं वळलो तर माझे काका उभे, याच बाजारातले जुने खरेदीदार. काकांना ऐकू यायचं, पण ते जन्मापासून मुके. हळकुंड मोडून वासावर माल ओळखायचे आणि रुमालाखाली कुणाला हार जायचे नाहीत. घर त्यावरच चाललं होतं. लहानपणी माझ्याही हातात बोटं दाबून ते सगळं सांगत, रागसुद्धा. नियम लिहिताना मला त्यांची आठवणही झाली नव्हती, याची लाज अजून वाटते.

पहिल्या उघड लिलावात बाईची रास निघाली. काकांनी हळकुंड मोडलं, हुंगलं आणि सरळ माझ्यापुढं हात केला. मी तो धरला असता, तर त्यांचा आकडा मला ओरडून सांगता आला असता.

"बोली तोंडानं हाय न्हवं?" एक व्यापारी हसत म्हणाला.

कारकून आपल्या काकासाठी बोलतो, असं कुणी म्हणेल म्हणून मी भ्यालो. हात पाठीमागं घेतला आणि म्हणालो, "नियम तोच आहे."

रास दुसऱ्यानं घेतली. बाईचा चेहरा फुलला होता. "ऐकला बया, माज्या कानानं ऐकला!" ती ज्याला त्याला सांगत होती.

फाटकाशी काकांनी माझा हात ओढून घेतला आणि बोटं दाबली. रास गेली त्या भावाहून मणामागं दोन रुपये जास्त द्यायला ते तयार होते.

बाई अजून तिथंच होती. मी तिला काही सांगितलं नाही. काकांनी त्यानंतर माझा हात कधी धरला नाही.