काकाजींचं बॉयलर

मेश्रामकाकाजी कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आधीच विचारायचे, "काय गा, बॉयलर कसं आहे?" नवा माणूस गोंधळायचा. आमच्या समोर राहायला आलेल्या एका मास्तरांना वाटलं, गिझर दुरुस्त करणारा आला. ते काकाजींना थेट न्हाणीघरात घेऊन गेले. काकाजींनी गिझर नीट पाहिला, "हे ठीक आहे," म्हणाले, आणि मग मास्तरांच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवून म्हणाले, "मी याचं विचारून राहिलो."

काकाजींचा सगळा जन्म नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेलेला. निवृत्तीनंतरही केंद्राच्या वसाहतीमागच्या गल्लीतच घर बांधलं, कारण खिडकीतून केंद्राची धुराची चिमणी दिसली नाही तर त्यांना करमत नसे. काकू वारलेल्या, एकुलती मुलगी रायपूरला. माणसाचं शरीर म्हणजे एक वीज केंद्र आणि लिव्हर म्हणजे त्याचं बॉयलर, असं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "फेफडे म्हंजे पंखे, पोट म्हंजे कोळशाचं गोदाम. पंखा बिघडला त बदलता येते. बॉयलर ट्रिप झालं, बंद पडलं, त पुरा प्लांट अंधारात."

मी रत्नागिरीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला इकडे केंद्रातली राख वाहणाऱ्या ट्रकवर काम मिळालं आणि मी समुद्र सोडून या राखेच्या गावात आले. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. ट्रकची, बोलीची, उन्हाची. नवऱ्याला यायला जरा उशीर झाला तरी मी दारात उभी. घरी बसून घाबरण्यापेक्षा डबे करावेत म्हटलं, आणि पहिला डबा काकाजींकडे गेला. त्यात फरसबीची भाजी होती, वर ओलं खोबरं. डबा परत आला तो त्यांच्याच हातून.

"काय वं, हे भाजी आंघोळ करून आली काय? तर्री कुठं आहे?"

तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडवेली झाले. काकाजी म्हणाले, "रडू नोको. उद्या पुन्हा पाठव. मी काय वापस करायले आलो? मी फक्त विचारून राहिलो." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'रत्नागिरी' ठेवलं, आणि वसाहतीतल्या एकट्या राहणाऱ्या पाचसहा जणांना दटावून माझा डबा लावायला लावला. नागपुरात माझी चूल पेटली ती अशी.

पुढे एका सोनोग्राफीत खुद्द काकाजींच्याच बॉयलरमध्ये बिघाड निघाला. लिव्हरला चरबी, आणि ते कडक व्हायला लागलेलं. शुगर तर होतीच. झालं, पानठेल्यावर लोक गालात हसायला लागले. लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार, आणखी कशानं जाईल! काकाजींनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पंचशीलातलं पाचवं, दारू न पिण्याचं शील त्यांना बाकीच्या चारांपेक्षा जास्त प्रिय होतं. त्या रविवारी विहारात वंदना संपली, लोक उठायला लागले, तर हे मध्येच उभे.

"बसा गा सगळे! पाचवं शील मोडलं नाही मी. माहं लिव्हर जिलबीनं बिघडलं. जिलबीनं आन् तर्रीनं. ज्याले हसाचं आहे त्यानं आधी आपली सोनोग्राफी करून घ्यावी."

त्यानंतर आठवडाभर चौकातल्या जिलबीवाल्याची कढई थंड होती. तो बिचारा काकाजींकडे येऊन हात जोडून गेला.

सोनोग्राफीच्या वेळी दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "लिव्हर कमजोर असलं की फ्लूसारखा ताप जास्त जोर धरतो, छातीत उतरतो. ताप-खोकला आला की घरी बसायचं नाही. आणि दर वर्षी फ्लूच्या लसीची सुई घ्यायची." काकाजींनी बाहेर येताच त्याचं भाषांतर केलं, "एक युनिट कमजोर झालं, त दुसऱ्यावर लोड येते. सोपं आहे." सोपं होतं, पण सुई काही त्यांनी घेतली नाही. मी आठवण केली की म्हणायचे, "घेतो ना वं, पळून थोडी चालली?"

त्या हिवाळ्यात गल्लीत तापाची साथ आली. घराघरात खोकला. एके दिवशी काकाजींचा डबा न उघडता तसाच परत आला. तर्री नाही म्हणून शिव्या देणारे काकाजी डबा परत पाठवतात? मी धावत गेले.

काकाजी कांबळ्यात बसलेले. समोर काढ्याचे तीन पेले. आमच्या गल्लीत कोणाला ताप आला की प्रत्येक घरातून आपापला काढा येतो, आणि एकीचा घेऊन दुसरीचा नाही घेतला तर वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून काकाजींनी सगळ्यांचा मान राखला होता. गुळवेल, अडुळसा आणि एक काळाकुट्ट, ज्यात काय होतं ते देणारीलाही सांगता आलं नसतं. काढ्यासोबत प्रत्येक घरानं तापाच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्याही झाल्या होत्या.

"काकाजी, दवाखान्यात चला."

"काहून? साधा... ताप आहे." वाक्य मध्येच तुटत होतं.

"डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"तिथं गेलो का... पहिले विचारते, दारू किती घेता. नाही जात मी."

एवढ्या हट्टापायी माणूस जाणार, असं मला समोर दिसायला लागलं. शेजारच्या पोराला ऑटो आणायला पाठवलं आणि काकाजींच्या चपला त्यांच्या पायापुढे ठेवून तिथंच बसून रडायला लागले. बाई रडली की काकाजींचं काही चालत नसे. "बाप्पा, बाप्पा," करत ते उठले. ऑटोत मात्र माझा हात धरून म्हणाले, "रत्नागिरी, लिव्हरचं सांगू नोको. साधा ताप म्हण." मी मान हलवली.

मोठ्या दवाखान्यात गेले की माझी जीभ आजही टाळ्याला चिकटते. समोरची माणसं भराभर बोलतात, आपण सातवी. पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी "आधीचा काही आजार?" विचारलं आणि काकाजींनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, तेव्हा त्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या ओठांचा निळसर रंग मला जास्त भीतीदायक वाटला. मी एका दमात सगळं सांगितलं. लिव्हर कडक आहे, शुगर आहे, सुई घेतलेली नाही, तीन घरचे काढे, तीन घरच्या गोळ्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. "बरं झालं बोललात. या लिव्हरला एवढ्या गोळ्या झेपायच्या नाहीत, आणि काढ्यात काय आहे ते तर आपल्याला ठाऊकच नाही." काढे बंद, गोळ्या मोजून, फ्लूचं औषध आणि ऑक्सिजन लगेच सुरू. मग त्यांनी विचारायचं ते विचारलंच, "दारू घ्यायचे का?" काकाजींनी मास्क वर उचलला आणि त्या अवस्थेत ओरडले, "पाचवं शील!" नर्सला वाटलं, वातात बडबडताहेत.

काकाजी वाचले. पण माझ्याशी बोलेनात. दवाखान्यात पेज घेऊन गेले की भिंतीकडे तोंड. भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, "रत्नागिरीनं चुगली केली. भरोसा ठेवला होता मी." पेज मात्र सगळी संपायची.

मुलगी आली आणि त्यांना रायपूरला घेऊन गेली. निघताना सगळ्या गल्लीशी बोलले, मास्तरांच्या बॉयलरची चौकशी झाली, माझ्याशी एक शब्द नाही. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. काच काही खाली झाली नाही. घरी येऊन मी त्यांच्या वाटणीची कणीक चुकून मळली.

यंदा थंडी पडली आणि एका दुपारी, गेल्यापासून पहिल्यांदाच, त्यांचा फोन आला. तोच आवाज, जरा घोगरा.

"रत्नागिरी, ताप आला वं. खोकला बी आहे. पोरीले सांगितलं नाही मी. उगाच घाबरते ते."

"मग मला कशाला सांगता, काकाजी?"

"असंच." मग खोकल्याची एक उबळ आली. "चाल, ठेवतो. कोणाले सांगजो नोको."

मी त्याच मिनिटाला त्यांच्या मुलीला फोन लावला. ती भडकलीच, "माझ्या घरात राहतात आणि ताप तुम्हाला सांगतात?" मी म्हटलं, "ताई, आधी गाडी काढा, मग मला रागवा. आणि आजवर घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा."

संध्याकाळी तिचा फोन आला. फ्लूच निघाला, पण डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं, ऑक्सिजनसुद्धा लागला नाही. "आणि बाबा खाटेवर बसून सगळ्यांना विचारताहेत," ती हसत म्हणाली, "मी त कोणाले बोललोच नाही, मंग हिले कळलं कसं?"