आधी खूण

माजलगावात माझं नेट कॅफे होतं, तेव्हा समोरचे कापड दुकानदार रोज यायचे. औरंगाबादला शिकणाऱ्या लेकीशी ते माझ्याकडून ई-मेल लिहून घेऊन बोलत. मी टाइप करताना ते उपरणं धरून संगणकाचा पडदा झाकत. लेकीच्या पत्रात त्यांना आधी खूण लागे, पूर्वी कुणाच्या हाती निरोप धाडताना सांगत तशी, घरच्यांनाच ठाऊक असलेली. ‘तांबडी गाय फक्त आजीलाच मारते.’ असलं काहीतरी. मला हसू यायचं.

एकदा मेल आली: ‘मैत्रिणीचा भाऊ येतोय, माझी शाळेची मूळ कागदपत्रं त्याच्याजवळ द्या.’

“खूण कावून न्हाई? इचारा.”

उत्तर आलं, ‘बाबा, थट्टा नको, घाई आहे.’

त्यांनी कागद दिले नाहीत, पण दिवसभर तोंड उतरलेलं. संध्याकाळी लेकीचाच फोन आला. तिची मेल तिथल्या कॅफेत उघडी राहिली होती. तिने काहीच मागितलं नव्हतं.

ते तांब्याभर पाणी प्याले आणि लई हसले.

मी लगेच पुण्यातल्या भावाला फोन लावला. “आपली खूण काय ठेवायची रे?”

त्यांनी माझ्या हातातला रिसीव्हर झाकला.

“फोनवर न्हाई. त्यो घरी आल्यावर कानात सांगा.”