वाघोबाचा खरवस

वाघावर माझं प्रेम आहे आणि ते मी कोणापासून लपवून ठेवलेलं नाही. मोबाईल उघडला की वाघ, गाडीच्या मागच्या काचेवर वाघ, आणि माझं पोट सुटल्यापासून जरा आडवा झालेला एक वाघ टी-शर्टावर. सुट्टी मिळाली की पहाटे उठून सफारीच्या जिप्सीत जाऊन बसायचं, थंडीत कुडकुडत हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, दिस बाबा एकदाचा. ऑफिसात फायली हलवणाऱ्या माणसाला एवढं शौर्य पुरतं.

गंमत अशी, की माझी सासुरवाडी गवळ्यांची. हिंगण्याची एमआयडीसी मागे टाकली की पुढे त्यांचं गाव लागतं, आणि गावाची गुरं जिथे चरतात तिथूनच जंगल सुरू होतं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाई राखत आली आणि बिबटे त्यांच्या गाई पळवत आले. अशा घरात बसून मी जेवण झाल्यावर वाघ-बिबट्यांचं निसर्गातलं महत्त्व समजावून सांगत असे. सासरे झोपून जात. सासूबाई "हो काय, जवाईबापू" म्हणत आणि ताटात आणखी एक पोळी वाढत. जावई असण्याचा हा मोठा फायदा आहे, वाद कोणी घालत नाही.

यंदा दिवाळीनंतर सासूबाईंची तांबडी गाय व्याली. कालवड झाली. गाय त्यांची फार लाडकी, त्यामुळे घरात नातीचं बारसं असल्यासारखा आनंद होता. रविवारी बायको आणि मी शहरातल्या आमच्या प्रताप नगरहून निघालो तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कालवड होती आणि माझ्या डोळ्यांपुढे खरवस. पोचल्या पोचल्या मी स्वयंपाकघरात डोकावलो. फळीवर एक वाटी होती, वर पळसाचं पान झाकलेलं. या घरात चांगली वस्तू झाकून ठेवलेली असली की ती जावयासाठी असते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. उभ्या उभ्याच संपवला. वेलदोडा जरा कमी पडला होता, तेही सांगितलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या घरची रीत अशी, की गाय व्याली की पहिला खरवस शिवेवरच्या वाघोबाला. वाघोबा म्हणजे मोहाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. वाघ असो की बिबट, दोघांचा देव तोच. त्याला दाखवल्याशिवाय घरातल्या कोणी बोटही लावायचं नाही. माझा साळा मात्र पोट धरून हसत सुटला.

"वाघाच्या तोंडचा घास पळवनारा मानूस मी पयल्यांदा पायला, भाऊजी!"

"राहू दे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "जवाई हायेत."

मी अर्थातच अंधश्रद्धेवर थोडं बोललो. दगडाला भूक लागत नाही, वगैरे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी सकाळी फोन आला. गोठ्याच्या कुडातून बिबट शिरला होता आणि कालवड घेऊन गेला होता. बायको रडायला लागली. गाडी चालवताना मी स्वतःला बजावत होतो, की बिबट्याचा खरवसाशी काही संबंध नाही, त्याला भूक लागते आणि तो खातो. एमआयडीसीपर्यंत मला हे पटत होतं. पुढे पटेनासं झालं.

आम्ही पोचेपर्यंत कालवड नाल्याजवळ सापडली होती, अर्धी. वनखात्याची माणसं पंचनामा करून गेली होती. तांबडी गाय गोठ्यात हंबरत होती, थांबतच नव्हती. दूध काढायला जाणाऱ्याला लाथ मारत होती. सासूबाई तिच्या गळ्यात हात टाकून बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजले होते. तसलं हंबरणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. जिप्सीत ते ऐकू येत नाही. मला फार वाईट वाटलं. घाईत टी-शर्ट वाघाचाच घालून आलो होतो, त्याचंही वाटलं.

साळा अंगणात उभा होता. हातात कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली. उरलेलं खायला बिबट परत येणार हे त्याला ठाऊक होतं. बाटली कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती.

"असं नको करू," मी म्हणालो.

"काहून नको? तुमच्या मोबाईलवरला वाघ गवत खाते काय? दरसाली आमच्याच गोठ्यात शिरून राह्यला थो. घेऊन जा त्याले प्रताप नगरले, बांधा तुमच्या गॅलरीत!"

माझं भाषण इतक्या वेळा झालेलं होतं, पण त्यातलं एक वाक्य आठवेना. आठवलं असतं तरी त्या हंबरण्यापुढे बोलायची छाती नव्हती. साळा नाल्याकडे चालायला लागला. आता बिबट मरणार हे दिसत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं,

"अरे, त्याचा वाटा मी खाल्ला ना! म्हणून त्याने कालवड नेली. शिक्षा करायची तर मला कर, त्याला कशाला मारतोस?"

दगडाला भूक लागत नाही म्हणणारा नवरा हाच का, अशा नजरेने बायको माझ्याकडे बघत होती. मीही तोच विचार करत होतो. साळा थांबला, वळला. राग होताच, पण ओठाचा एक कोपरा हलला.

"म्हंजे आता औषध तुमाले पाजू काय?"

तेवढ्यात सासूबाई गोठ्यातून बाहेर आल्या आणि त्यांनी मुलाच्या हातातली बाटली काढून घेतली.

"जवाईबापू कबूल झाले न? मंग झालं. गाय दूध द्याले लागली का पयलं दूध हेच नेतीन वाघोबाले. पायी आन उपाशी पोटानं."

बाटली घरात ठेवली तर पोराचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी ती माझ्या गाडीच्या डिक्कीत ठेवून दिली. त्यांना माझं म्हणणं खरं वाटलं, की पोराला अडवायची संधी साधली, हे मला आजही सांगता येणार नाही. बाटली अजून आमच्या गॅलरीत आहे. काय करावं तिचं, कळत नाही.

पुढचे दिवस मी ऑफिसातून रोज फोन करून विचारत होतो, "दूध उतरलं का?" आमच्याकडे बाळ झालं आहे असा शेजारच्या टेबलाचा समज झाला. मग एकदा सासूबाईंचाच फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

दुधाचा लोटा दोन्ही हातांत धरून मी निघालो. पुढे सासूबाई. पोटात कावळे ओरडत होते. वाळलं पान जरी वाजलं तरी मी दोन पावलं पुढे सरकत होतो, आणि शीव येईपर्यंत हा वाघप्रेमी सासूच्या पदराला टेकला होता.

मी दगडावर दूध ओतलं. मला वाटलं, त्या आता काहीतरी प्रार्थना म्हणतील. त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली.

"पे, मुडद्या! माह्या गाईचं लेकरू खाल्लं, आता दूध बी पे! लाज नाई वाटत तुले?"

बोलता बोलता रडल्या. रडता रडताच बोटाने दगडाला नवा शेंदूर लावला, मागे पुढे बघून नीट सारखा केला. मग माझ्याकडे वळल्या.

मी हात जोडले. जिप्सीत बसून इतकी वर्षं हेच हात जोडून त्याला म्हणत आलो होतो, दिस बाबा. त्या दिवशी अगदी मनापासून म्हणालो, दिसू नको बाबा. तिकडे आत राहा, सुखाने राहा, पण इथे दिसू नको. पुटपुटलो, कारण स्वतःचीच लाज वाटत होती.

"मोठ्यानं म्हना, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं आयकलं पायजे."

मी जंगलाकडे तोंड केलं आणि ओरडलो.