आक्काचं काळं बसकर

दाजींचा फोन आला तेव्हा मी वडूजच्या शाळेत हजेरी घेत होते. "सुमन, तासगावला नगं, सरळ सांगलीला दवाखान्यात ये... आक्का गेली." एवढंच बोलले. त्रेचाळीस वर्षांची माझी थोरली बहीण. अंगात रक्तच उरलं नव्हतं, शेवटी हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला दोन महिने होत आले. खरं सांगायचं तर मला रडू कमी येतं, भीतीच जास्त वाटते.

सहा वर्षांपूर्वी तिच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या होत्या. मूल हवं होतं, म्हणून पिशवी ठेवली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ट्रे बाहेर आणून मला गाठी दाखवल्या. मी मोजल्या, सात होत्या. त्या म्हणाल्या, "पिशवी आहे तोवर परत होऊ शकतात. दर वर्षी सोनोग्राफी करा." संध्याकाळी आक्कानं पहिलं तेच विचारलं, "समद्या निघाल्या का गं?" मी म्हणाले, "समद्या. माझ्या डोळ्यांनी बघितल्या." ती इतकी हसली, की पुढचं वाक्य मी गिळलं. उद्या सांगू म्हटलं... आणि कधीच सांगितलं नाही.

गाठी कशानं झाल्या, यावर घरात प्रत्येकाचं मत होतं. तिच्या सासूबाई म्हणायच्या, द्राक्षांचे क्रेट उचलून. दाजी फवारणीला दोष द्यायचे. आक्का म्हणायची, "आवं आत्याबाई, आमच्या आईलाबी व्हत्या की!" नेमकं कारण डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. शरीरातल्या संप्रेरकांवर त्या वाढतात, आईला किंवा बहिणीला असतील तर जास्त जपायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. बहिणीला... तेही मी कानाआड केलं.

आक्का बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसायची. गेली दोन वर्षं तिच्या काखेत एक काळं बसकर असायचं. लग्नात, एसटीत, माझ्या घरी सोफ्यावरसुद्धा ती ते आधी अंथरायची. "आल्या महाराणी, गादी घेऊन!" मी चिडवायचे. "गार लय बाधतंय मला," म्हणून ती हसायची. चेहरा पांढराफटक पडत चालला होता, ते मला उपासांमुळे वाटलं. याची फार लाज वाटते.

तेराव्यानंतर बसकर धुवायला घेतलं, तर आत खताच्या पोत्याचं प्लास्टिक शिवलेलं निघालं. डाग खाली उतरू नये म्हणून! मी तिथंच मोरीत बसले. गेले चार महिने मीही गडद साड्याच नेसत होते.

मागच्या सोमवारी मी ते बसकर घेऊन सांगलीला गेले आणि सोनोग्राफीच्या रांगेत त्यावरच बसले. नर्सनं विचारलं, "काय तरास हाय, ताई?" काही नाही, नुसतं दाखवायला आले, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हणाले, "अंगावरून लय जातंय. आणि माझी बहीण यानंच गेली."

तिनं माझं नाव लिहून घेतलं. मी बसकराची घडी घातली आणि आत गेले.