भामरे साहेबांचा राग

भामरे साहेब रागावले की त्यांचा आवाज खाली यायचा. जळगावच्या सेशन कोर्टात ते न्यायाधीश होते आणि मी त्यांचा लघुलेखक. चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि इतकं हळू बोलत, की वकील म्हणायचे, त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

दुष्काळाच्या साली पारोळा तालुक्यातल्या एका गावात सखुबाई नावाच्या दलित बाईच्या मुलाने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं. पाटलाच्या दोन भावांनी त्याला काठ्यांनी मारून टाकलं. खटला साहेबांसमोर आला. गावातलं एकही माणूस साक्षीला आलं नाही. मारताना पाहिलेली सखुबाई एकटी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

"बठ्ठास्नी दखं, साहेब. पन कोनी बोलाव नही." सगळ्यांनी पाहिलं, पण बोलणार कोणी नाही, असं ती तिच्या बोलीत सांगत होती.

आरोपींचे वकील हसले. "बाई, मराठीत बोला. ही भाषा कोर्टाला कळत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "कोर्टाचा जन्म सोनगीरचा आहे, वकीलसाहेब. कोर्टाची आई हीच भाषा बोलते." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सांग माय, तुन्ही बोलीमा सांग."

भावांना जन्मठेप झाली. चेंबरमध्ये साहेब मला म्हणाले, "चौधरी, छाती फुगवू नका. आपण नेहमी पोरगं मेल्यावरच पोचतो."

पुढे साहेब निवृत्त होऊन जळगावातच मेहरूणला राहू लागले, आणि वरच्या कोर्टाने आरोपींना सोडलं. म्हणे, एकट्या आईच्या साक्षीवर विसंबता येत नाही. ते वाक्य आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात. बातमी मीच साहेबांना सांगितली. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ते लोक गुलाल उधळून तिला कळवतील. त्याआधी आपण जाऊ."

लगेच मिळेल त्या एसटीने आम्ही निघालो. सखुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग मी खोटी का, साहेब?"

"नही माय. तू खरी शे. मी तसंच लिखेल शे."

तिने पाणी दिलं. आम्ही प्यायलो.

परतताना पारावर पाटलाने वाट अडवली. बातमी त्यालाही पोचली होती. कपाळावर गुलाल होता. "झालं गेलं, साहेब. उन्हाचे आलात, आमच्याकडचं पाणी तरी घ्या." त्याने तांब्या पुढे केला.

"तुमच्या हातचं पाणी मला चालत नाही," साहेब म्हणाले.

पारावरची माणसं खाली बघू लागली. एसटीला अवकाश होता. पाराची सावली सोडून आम्ही दोघे रस्त्यावर, उन्हात उभे राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात साहेब वारले.