आत दुमडलेलं कापड

टेलरबाईच्या हाताला एक खोड होती. कुठलाही गणवेश शिवला, की खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं. पोर वाढली की तुरपाई उसवायची, कापड सोडायचं, वर्ष निघून जातं. स्वतःच्या लेकीलाही तिने असंच चौथीपर्यंत आणलं होतं.

मग गल्लीतली सरकारी शाळा एका कंपनीला चालवायला दिली. फाटक नवं, फी नवी. लेक घरी बसली. नवे गणवेश शिवायचं काम मात्र बाई कामाला होती त्याच दुकानात आलं.

पहिल्याच खेपेला दुकानाच्या कटिंगमास्तरांनी एक निळा ड्रेस तिच्यापुढे टाकला. "ही दुमड कशाला, बाई? शाळेने परत पाठवलाय. दरवर्षी नवा घ्यायचा, असा नियम आहे त्यांचा."

"आणि पोर मधेच वाढली तर?"

"तुमच्या खिशाला कात्री लागतेय का? शिवा गुपचूप!"

लेक रोज सकाळी जुना गणवेश घालून उंबऱ्यात बसायची. शेजारची काकू हसायची, "हिला काय मिठात मुरवलीयेस गं? माझी बघ, ताडासारखी वाढली!"

बाईने टेप लावला. "ताठ उभी राहा."

"उभीच आहे गं."

मागच्या वर्षीचंच माप. बाईने टेप पुन्हा लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी, शाळेने परत पाठवलेला तो निळा ड्रेस तिने लेकीच्या अंगात घातला आणि पोरींच्या घोळक्यातून तिला फाटकाकडे ढकललं. वॉचमनने चेहरा पाहिलाच नाही. रंग पाहिला, हात हलवला. बाई हवेत तरंगतच घरी आली.

उंबऱ्यात लेक बसली होती. जुन्या गणवेशात.

"तू? अगं, आत्ताच तर तुला..."

"मला नाही सोडलं, आई. ड्रेसला सोडलं."

"चेष्टा पुरे! ड्रेस कुठाय?"

"वर्गात बसलाय." शेजारी कोण राहतं ते सांगावं, इतक्या सहज.

शाळा सुटताना बाई लेकीचा हात घट्ट धरून फाटकाशी उभी राहिली. पोरी बाहेर आल्या. त्यांत एक उंच. चेहरा गर्दीत दिसेना, पण ड्रेसची खालची कड बाईने लांबूनच ओळखली. तुरपाई कुणीतरी नीट उसवली होती. चार बोटं कापड सुटलं होतं, आणि जुन्या घडीची रेघ तेवढी उरली होती.

बाईच्या मुठीतला हात लहानच होता. गार.

"बघ ना आई," लेक कौतुकाने म्हणाली, "मी किती वाढले!"